मावशींचे शंभर रुपये आणि माझा पायथॉन

तुमच्या घरी महिन्याच्या किराण्याची यादी कोण करतं? आमच्याकडे आई. रे रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमचं घर आणि फ्रिजच्या बाजूला खिळ्याला लटकवलेली तिची वही. पानावर डावीकडे वस्तू आणि पुढे तीन रकाने: गल्लीतले शेठ, मशीद बंदरचं दुकान आणि ‘मोबाइल’. तिसरा रकाना अर्थात माझ्यामुळे आलाय.

सुट्टीत मी पायथॉन शिकत होते. म्हटलं, सराव म्हणून ही वहीच प्रोग्राममध्ये टाकूया. मी मास मीडियावाली, गणिताशी दहावीनंतर फारकत घेतलेली. तरीही दोन संध्याकाळींत जमलं. तुम्हालाही जमेल. फक्त माझ्या चुका तुम्ही करू नका, म्हणून हा लेख.

सुरुवात फोनवरूनच

लॅपटॉप नाही? हरकत नाही. गुगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडतं आणि काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पायथॉनमध्ये ‘डिक्शनरी’ नावाचा प्रकार आहे. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला किंमत. आईच्या वहीचं पान म्हणजे डिक्शनरीच! दुकानांची नावं आणि भाव टाकायचे आणि ‘मिन’ला सांगायचं, यातला सगळ्यात कमी शोध. जेमतेम आठ-दहा ओळींचं काम.

ॲपवरचे भाव आपोआप खेचून आणायचा मोह मलाही झाला होता. पण बऱ्याच ॲपच्या अटींमध्ये ते बसत नाही आणि नवशिक्यासाठी ते किचकटही आहे. भाव हाताने भरा आणि शेजारी तारीख लिहा. गेल्या महिन्याचा कांद्याचा भाव आज काय कामाचा?

११२ हे ९८ पेक्षा कमी?

पहिल्याच दिवशी फजिती झाली. समजा, मूगडाळ एका दुकानात ९८ रुपये किलो आणि दुसरीकडे ११२. प्रोग्रामने ठामपणे सांगितलं, ११२ वालं स्वस्त. मी तीनदा चालवून बघितलं, उत्तर तेच.

घोळ असा होता: ‘इनपुट’मधून आपण जे टाइप करतो ते पायथॉन आकडा म्हणून नाही, अक्षरं म्हणून घेतो. मग तुलना शब्दकोशासारखी होते, पहिल्या अक्षरापासून. १ हा ९ च्या आधी येतो, म्हणून ११२ आधी. किमतीला ‘फ्लोट’मध्ये घातलं की ती आकडा होते आणि प्रश्न मिटतो. अडचण ही की अशा वेळी स्क्रीनवर लाल एरर येत नाही. चुकीचं उत्तर अगदी आत्मविश्वासाने छापून येतं.

पाकीट तेवढंच, तेल कमी

दुसरा धडा तेलाने दिला. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण दुकानात त्याच चणीची ८५० ग्रॅमची पाकिटंही असतात. समजा, ९१० ग्रॅम १५० रुपयांना आहे आणि ८५० ग्रॅम १४३ रुपयांना. नुसत्या किमती बघितल्या तर दुसरं सात रुपयांनी स्वस्त. आता किमतीला ग्रॅमने भागा आणि हजाराने गुणा. पहिलं पडतं १६४ रुपये ८४ पैसे किलो, दुसरं १६८ रुपये २४ पैसे. म्हणजे ‘स्वस्त’ पाकीटच महाग!

हल्ली पाकिटावर एमआरपीजवळ ‘युनिट सेल प्राइस’ छापलेली असते, बघितलीय कधी? माल किलोपेक्षा कमी असेल तर ती प्रति ग्रॅम असते, जास्त असेल तर प्रति किलो. त्यामुळे छोटं आणि मोठं पाकीट शेजारी ठेवलं तर एकावर पैशांतला आकडा, दुसऱ्यावर शेकड्यातला. शिवाय हा दर एमआरपीवर काढलेला असतो, दुकानदाराने कमी केलेल्या किमतीवर नाही. म्हणून भागाकार आपणच करायचा. माझ्या प्रोग्राममधली ही सगळ्यात उपयोगी ओळ.

फुकट डाळीचं दुकान

तिसरी चूक सांगायला लाज वाटते. मशीद बंदरच्या दुकानात एकदा मसूरडाळ संपली होती, म्हणून तिथे मी शून्य भरलं. प्रोग्रामचा निकाल: मसूरडाळ तिथूनच घ्या, शून्य रुपये किलो. आई म्हणाली, “दोन किलो आण मग.”

शून्य म्हणजे फुकट. माहीत नाही किंवा मिळालं नाही, यासाठी पायथॉनमध्ये ‘नन’ असतं. ते भरा आणि तुलना करताना असे रकाने वगळा. टायपिंगची चूक पकडायची असेल तर केंद्र सरकारचा ग्राहक व्यवहार विभाग देशभरातून रोजचे भाव गोळा करतो, त्यात मुंबईही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये १६ वस्तूंची भर पडून ही यादी ३८ वर गेली. आपण १६५ च्या जागी १६५० भरले असतील, तर तिथल्या भावाशी ताडून लगेच कळतं.

आज हातात किती आहेत?

एवढं सगळं झाल्यावर प्रोग्राम मस्त चालायला लागला. मी प्रवासखर्चही धरला. रे रोडहून मशीद तिसरं स्टेशन, जाऊन-येऊन दहा रुपये. ॲपचा डिलिव्हरी चार्जही धरला. मग ऐटीत शेजारच्या मावशींना दाखवायला गेले. मावशींच्या घरात पैसे येतात ते रोजंदारीचे. दारुखान्यात काम मिळालं तर त्या दिवशी, नाही तर नाही.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अगं पोरी, माझ्याकडे आज शंभर रुपये आहेत. तूरडाळ कुठनं घेऊ ते सांग की.”

मी बटण दाबलं. उत्तर आलं: मशीद बंदर, पाच किलोची गोणी, १५५ रुपये किलो. म्हणजे ७७५ रुपये. मावशी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

शेठकडे डाळ १८० रुपये किलो, पण पाव किलो ४५ रुपयांना सुटी मिळते. माझ्या हिशोबात शेठ हरले होते, कारण मी विचारलेला प्रश्नच ‘किलोमागे स्वस्त काय’ एवढा होता. किलोमागे २५ रुपये वाचवायला आधी ७७५ रुपये एकरकमी हातात लागतात, हे माझ्या डिक्शनरीत कुठेच नव्हतं. आणि काम नसेल त्या आठवड्यात शेठ वहीत लिहून माल देतात, ॲप देत नाही, याला तर रकानाच नव्हता.

त्या रात्री मी दोन गोष्टी वाढवल्या. दुकान कमीत कमी किती माल देतं, तो एक रकाना. आणि सुरुवातीलाच एक प्रश्न: आज हातात किती रुपये आहेत? त्यापेक्षा महाग पडणाऱ्या ओळी आधी गाळायच्या, मग उरलेल्यांत स्वस्त शोधायचं. शंभर टाकले. उत्तर आलं, शेठ.

जुनाच हिशोब

मावशींची अडचण नवी नाही, आणि आपल्याच भागात तिच्यावर उत्तरंही शोधली गेलीत. १९४८ मध्ये नायगावात कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थेतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिथे शेजारची घरं मिळून ‘संघ’ करतात, यादी एकत्र देतात आणि आलेला माल आपापसांत वाटून घेतात.

हे वाचल्यावर मी प्रोग्राममध्ये अजून एक प्रश्न घातला: किती घरं आणि कुणाला किती? आमच्या मजल्यावर सहा घरं तयार झाली. चार घरांना एकेक किलो, दोघांना अर्धा-अर्धा. मिळून पाच किलोची एक गोणी. मावशींचा अर्धा किलो ७७ रुपये ५० पैशांना पडला. शेठकडे ९० लागले असते. म्हणजे साडेबारा रुपये वाचले. “गोणी जिन्यावरून आणणार कोण, तुझा प्रोग्राम?” असं आईने विचारलं. गोणी मीच आणली. दोन दिवस खांदा दुखत होता, आणि त्याचा रकाना अजून घातलेला नाही.

साखर-चहा मावशी अजूनही शेठकडूनच घेतात. उधारी तिथे आहे, आणि अडीअडचणीला शेठच उपयोगी पडतात. ते बरोबरच आहे.

आता तुमची पाळी

या रविवारी घरातल्या पाचच वस्तू घ्या: तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा. दोन दुकानांचे भाव आणि वजनं लिहा, किलोमागे दर काढा. न मिळालेल्या वस्तूला शून्य भरू नका. आणि प्रोग्राम चालला की यादी करणाऱ्या माणसाला दाखवा. आई, बाबा, आजी, जे कोण असतील ते पहिल्याच मिनिटात असं काही विचारतील, जे तुमच्या कोडमध्ये नसेल. ते लिहून घ्या. पुढची ओळ तिथूनच लिहायची आहे.