विश्लेषण : पँट नेहमी गुडघ्यावरच का फाटते? रफू, ठिगळ की आतून अस्तर?

जूनमध्ये घेतलेल्या गणवेशाच्या पँटचे गुडघे अनेक घरांत दिवाळीपर्यंतच जातात. कंबर शाबूत, शिवण पक्की, चेन चालू. फक्त गुडघ्यावर भोक. समग्र शिक्षा योजनेत गणवेशाच्या दोन जोडांसाठी विद्यार्थ्यामागे वर्षाला ६०० रुपयांची तरतूद असते. दोनांतला एक जोड गेला, की उरलेले वर्ष एकाच जोडावर, रोज रात्री धुऊन काढावे लागते. म्हणूनच गुडघा दुरुस्त होतो का, झालाच तर टिकतो का, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

गुडघाच का जातो?

उभे असताना गुडघ्यावरचे कापड सैल असते. गुडघा पूर्ण वाकला, की तिथली त्वचा उभ्या दिशेने ३५ ते ४५ टक्के ताणली जाते. साधे विणलेले कापड इतके ताणत नाही. पँट ढगळ असेल तर मोहरी वर सरकते आणि वेळ निभावते. पँट घट्ट असेल तर सगळा ताण गुडघ्यावरच्या वीतभर कापडावर येतो. त्यातच फरशीवर रांगणे, मैदानावर घसरणे. ताणलेला धागा घासला गेला, की सैल धाग्यापेक्षा लवकर तुटतो.

गणवेशाचे कापड बहुतेकदा पॉलिएस्टरमिश्रित असते. गुळगुळीत फरशीवर जोरात घसरल्यास घर्षणाच्या उष्णतेने पॉलिएस्टर वितळते. भोकाच्या कडा टणक आणि चकचकीत झाल्या असतील तर कारण हेच. या कडा टोचतात, त्यामुळे दुरुस्तीआधी कापून टाकाव्यात.

जीन्सचा प्रकार वेगळा. तिचे उभे धागे निळीने रंगवलेले, तर आडवे पांढरे. वरच्या बाजूला उभे धागे जास्त येतात, म्हणून आधी तेच झिजतात. मग गुडघ्यावर पांढऱ्या दोऱ्यांची शिडी दिसू लागते. दुकानात हीच शिडी मुद्दाम घासून, लेझरने जाळून तयार केलेली असते आणि तिचे जास्त पैसे लागतात, हा भाग सोडा.

दुरुस्ती कधी करावी?

भोक पडण्याआधी. मोबाइलचा टॉर्च पँटच्या पायात घालून गुडघ्यामागे धरला, की कापड कुठे विरले आहे ते लगेच दिसते. या टप्प्यावर आतून पातळ सुती तुकडा लावून उभ्या धाग्यांच्या दिशेने जवळजवळ धावदोरा घातला तरी पुरते. भोक पडल्यावर काम तिप्पट वाढते आणि दिसतेही.

रफू की ठिगळ?

रफू म्हणजे तुटलेल्या धाग्यांच्या जागी नवे धागे विणणे. आधी उभे धागे भरायचे, मग त्यांच्या खालून-वरून आडवे. चांगला रफूगर त्याच कपड्याच्या आतल्या मायेतून धागा काढून वापरतो, त्यामुळे जोड शोधूनही सापडत नाही. शाली रफू करणाऱ्या कारागिरांसाठी उत्तर प्रदेशातील नजीबाबाद ओळखले जाते. लोकरी सूटच्या पँटला पडलेल्या लहान भोकासाठी हा उत्तम उपाय. मुलाच्या गुडघ्यासाठी मात्र नाही. तिथे आजूबाजूचे कापडही विरलेले असते आणि रफू त्या कमकुवत कडेपासून सुटतो.

गुडघ्याला ठिगळच लागते, आणि ते भोकाएवढे नाही तर विरलेल्या भागाच्याही पुढे बोट-दोन बोटे जाणारे हवे. नेहमीची चूक म्हणजे जाड, चौकोनी ठिगळ. ताण कोपऱ्यांवर एकवटतो आणि पँट ठिगळाच्या कडेला नव्याने फाटते. कोपरे गोल करावेत, कापड मूळ कापडाइतके किंवा त्याहून थोडे पातळ घ्यावे, धाग्यांची दिशा जुळवावी आणि नवा तुकडा आधी धुऊन घ्यावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून पँट चुण्या घेते. रंग जुळवायचा तर जुन्या, आखूड झालेल्या पँटच्या पोटरीमागचा भाग घ्यावा. तो क्वचितच झिजतो आणि धुऊन तितकाच फिका झालेला असतो. इस्त्रीने चिकटणारी तयार ठिगळे सोपी, पण फक्त गोंदावर ती फार धुणी टिकत नाहीत. कडेने टाके घालावेच लागतात.

शिंपी पायाची शिवण का उसवतो?

मशिनखाली गुडघा पोहोचत नाही म्हणून. पाय ही अरुंद नळी असते. तिच्यात मशिन चालवायला गेल्यास मागचे कापड सोबत शिवले जाते. शिंपी एका बाजूची शिवण गुडघ्याच्या वर-खाली उसवून कापड सपाट करतो, काम संपले की पुन्हा शिवतो. जीन्समध्ये आतली शिवण बहुधा दुहेरी दुमडलेली असते, म्हणून बाहेरची उसवणे सोपे. अल्टरेशनच्या दुकानात मजुरी यासाठीच जास्त सांगतात, आणि ती रास्त आहे. फ्रान्समध्ये तर २०२३पासून कपड्यांच्या दुरुस्तीवर ग्राहकाला ६ ते २५ युरोपर्यंत सवलत मिळते. आपल्याकडे सवलत नाही, पण कोपऱ्यावर शिंपी आहे.

मग नवीन पँटचे काय?

यावरचा उपाय महागड्या सूटच्या पँटमध्ये आधीपासून आहे. तिला पुढच्या बाजूने कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत अस्तर असते, त्यामुळे गुडघा अस्तरावर घासतो आणि वरच्या कापडाला पोक येत नाही. फरशीवरचे घासणे मात्र बाहेरून होते, त्यासाठी अस्तराऐवजी पँटच्याच रंगाचा मजबूत तुकडा आतून लावावा. वरचे कापड विरले तरी खालून तोच रंग दिसतो. तुकड्याच्या उभ्या कडा दोन्ही बाजूंच्या शिवणीत पकडाव्यात, वरची-खालची कड सैल सोडावी. म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही आणि ठिगळ का लावले, असे वर्गात कोणी विचारत नाही. शिंप्याला हे पँट शिवायला टाकतानाच सांगितले, तर उसवण्याची मजुरी वाचते.