अकरा महिन्यांचे घर

फैजपुरात भाड्याची खोली पाहावयास गेलेल्या माणसाला भाड्याचा आकडा सर्वांत शेवटी कळतो. त्याआधी त्याचे आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते. घरात माणसे किती, आल्यागेल्याचा राबता किती, स्वयंपाकात काय शिजते, नोकरी कायम की कंत्राटी, या साऱ्याची ओसरीवर बसून, चहाच्या कपाबरोबर, अत्यंत अगत्याने चौकशी होते. आणि ही जबानी मालकाच्या मनास उतरली म्हणजे मग भाडे, अनामत, सब-मीटरवरील युनिटचा दर आणि उन्हाळ्यात कूलर लावल्यास द्यावयाची वेगळी रक्कम, अशी यादी क्रमाक्रमाने बाहेर पडते. अखेर आपण पायांत चपला सरकवीत असताना दारातून आवाज येतो, "आणि हो, भिंतीला खिळा तेवढा ठोकायचा नाही."

ही खिळ्याची अट ऐकली की मला दर वेळी याच गावात झालेला एक ठराव आठवतो. 1936 च्या डिसेंबर महिन्यात, 27 आणि 28 तारखांस, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपुरास भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्याच्या उभारणीचा भार खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींसारख्या माणसांनी शिरावर घेतला होता. गावाच्या शिवारात टिळकनगर नावाचे बांबूतट्ट्यांचे एक अवघे नगर वसविण्यात आले, त्याची सजावट नंदलाल बोस यांनी खेड्यात मिळणाऱ्या साध्यासुध्या वस्तूंतून केली, देशभरातून आलेली माणसे तेथे राहिली, आणि काम होताच ते नगर उठले. राहण्याच्या प्रश्नाला फैजपूरने आजवर दिलेले सर्वांत मोठे उत्तर तेच, आणि तेही हंगामीच होते!

त्या अधिवेशनाने शेतीविषयक जो कार्यक्रम संमत केला त्यात खंड आणि सारा कमी करावा, कर्जाचा भार हलका व्हावा, शेतमजुरास जगण्याइतकी मजुरी मिळावी, या मागण्या होत्या. परंतु माझे लक्ष नेहमी अडते ते एका कलमावर. कुळाला वहिवाटीची शाश्वती असावी, ती त्याच्या वारसांकडे जावी, आणि त्याला त्या जमिनीवर घर बांधण्याचा व झाडे लावण्याचा हक्क असावा, असे ते कलम सांगते. सुरक्षिततेची याहून नेमकी व्याख्या मी अन्यत्र वाचलेली नाही. मराठी भाषेने मात्र शेताच्या मोबदल्याला खंड आणि घराच्या मोबदल्याला भाडे असे दोन स्वतंत्र शब्द राखले, आणि पुढे कायद्यानेही तो भेद मोठ्या इमानाने पाळला.

खानदेश हा रयतवारी मुलूख. उत्तरेकडील जमीनदारी येथे नव्हती, तरी कुळे होती, खंड होता आणि खंडाची थकबाकीही होती. मुंबई राज्याचा कुळवहिवाटीचा कायदा 1948 साली झाला, 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला, आणि कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात त्या तारखेची धास्ती राहिली आणि ज्यांना जमीन मिळाली त्यांच्या घरात तिचे मर्म राहिले. सातबाऱ्यावर एक नाव चढले की काय होते हे दोघांनाही पक्के ठाऊक. म्हणून आज प्लॉटवर दोन मजले चढवून वरचा मजला भाड्याने देणारा गृहस्थ, त्याचा आजोबा कूळ असो की मालक, एकच वाक्य बोलतो: "घराला कूळ लागायला नको." वस्तुतः घराच्या भाडेकरूला कुळकायदा लागू नाही. पण भीती कायद्याची पोटकलमे वाचीत बसत नाही; ती शेतातून उठून घरात आली आणि तिने करारनाम्याची मुदत अकरा महिने करून टाकली.

या अकरा महिन्यांचेही एक कौतुक आहे. 1908 च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे सक्तीचे, म्हणून एक महिना कमी करण्याची ही युक्ती निघाली. महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या भाडे नियंत्रण कायद्याने ती निरर्थक ठरविली: त्याच्या 55 व्या कलमान्वये मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तसे न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, शिवाय वाद उपस्थित झाल्यास अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच खरे धरले जाते, जोवर त्याविरुद्ध सिद्ध होत नाही. इतके बळ हाती असूनही भाडेकरू कधी ते वापरीत नाही, कारण बाराव्या महिन्यात त्याला त्याच ओसरीवर जायचे असते.

जुन्या, म्हणजे 1947 च्या, मुंबई कायद्याने भाडी 1940 च्या सुमारास होती तेथेच गोठविली होती. ती इतकी गोठली, की डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्वाळा दिला. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. पण 'लीव्ह अँड लायसन्स' या नावाने, म्हणजे केवळ राहण्याच्या परवानगीपत्राने, जो आत येतो त्याच्या रकमेला हा बांध नाही. तेथे नूतनीकरणाला दहा टक्के हा रिवाज. कागदावर हिशेब करून पाहावा: तीन हजारांची खोली दर वर्षी चार टक्क्यांनी वाढली तर पाच वाढींनंतर 3,650 रुपयांवर येते, तीच दर अकरा महिन्यांनी दहा टक्क्यांनी वाढली तर पाच वाढींनंतर 4,831 वर जाते, आणि तेही पाच वर्षे पुरी होण्याच्या आत. कंत्राटी प्राध्यापकाचे मानधन किंवा औषधाच्या दुकानातील पोऱ्याचा पगार त्या पायऱ्या चढत नाही.

आता मागणी येते कोठून? फैजपूर लहानच गाव. परंतु 1961 पासून येथे धनाजी नाना महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, यावल आणि रावेर तालुक्यांसाठी प्रांत कचेरी आहे, आणि बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता गावातून जातो. म्हणजे बदलीवर येणारे आणि शिकावयास येणारे असे दोन प्रवाह वर्षभर वाहतात. पुढे हेच पाणी जळगावला जाऊन मिळते, जेथे 1990 साली विद्यापीठ झाले, 2003 साली महापालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत साडेचार लाखांवर वस्ती भरली. आमच्याकडे पूर्वी घर खणांत मोजीत, पाच खणी, सात खणी. जळगावच्या वसतिगृहवजा बंगल्यांत ते आता खाटांत मोजतात. 'कॉट बेसिस' हा शब्द यावलच्या शेतकऱ्यालाही पाठ झाला आहे, कारण केळीच्या पट्टीतून एका खाटेचे पैसे दर महिन्याला बाजूला काढावे लागतात, मग त्या महिन्यात केळीला भाव असो वा नसो.

पुरवठ्याची कथा याहून विचित्र आहे. वाळू, सळई, सिमेंट, बिनशेतीचा भाव, सगळे वर जाते, म्हणून बांधणारा भाडे वाढवितो हे समजते. पण त्याच गल्लीत पुण्याला गेलेल्या मुलांची घरे कुलपे लावून उभी असतात ते का? 2011 च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागांत सुमारे एक कोटी अकरा लाख घरे रिकामी आढळली, आणि पुढल्याच वर्षी सरकारी अभ्यासगटाने नागरी घरांची तूट सुमारे एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाख असल्याचे सांगितले. कुलूप आणि तूट शेजारी शेजारी नांदतात. दोन-तीन हजारांसाठी 'कूळ' कोण लावून घेईल, असा तो हिशेब आहे. केंद्राने 2021 साली अनामत दोन महिन्यांपुरती मर्यादित करणारा आदर्श भाडेकरू कायदा राज्यांपुढे ठेवला. परंतु कुलपामागची भीती अनामतीने जात नाही.

भाडे वाढले की माणूस प्रथम खोली बदलतो, नंतर छप्पर बदलतो. जुन्या धाब्याच्या घराचा मातीचा जाड थर खानदेशातला मे महिना बाहेर थोपवून धरी. ती घरे पाडून स्लॅबची झाली, आणि स्लॅबच्या वरच्या खोल्या दिवसभर तापून रात्रभर ती ऊब परत देतात. त्याहून स्वस्त ती पत्र्याची खोली. तेथे कूलर चैन नसून भाड्याचाच एक हिस्सा आहे, आणि सब-मीटरचे चाक त्याला साक्षी आहे.

माझे स्वतःचे बिऱ्हाड असेच एकदा अकरा महिन्यांनी हलले. सामान वाहून न्यायला केळीच्या फेऱ्या करणारा छोटा टेम्पो मिळाला; चालकाने भांड्यांखाली केळीची पाने अंथरली, आणि गोधडीवर पडलेला चिकाचा तपकिरी डाग कितीही धुतला तरी आजतागायत गेलेला नाही. आदल्या रात्री भिंतीतली तीन भोके, कारण खिळे मी अर्थातच ठोकले होते, टूथपेस्टने बुजवून बोटाने सारखी केली होती. मालकीणबाईंनी भिंतीवरून नजर फिरविली आणि काही बोलल्या नाहीत. राहिला तो नळाजवळ लावलेला कढीपत्ता. आलो तेव्हा डब्यात होता, डबा फोडून मुळे जमिनीत गेली होती आणि शेंडा कंपाउंडच्या भिंतीवर आला होता. उपटून नेण्याजोगा तो नव्हता. "असू द्या," बाई म्हणाल्या, "लागेल तेव्हा येऊन तोडून न्या." दोन-तीनदा गेलोही, मग नव्या भाडेकरूंची परवानगी मागावी लागली, आणि पुढे बाजारातूनच आणू लागलो.