वारा चुकवणारी वेल

संपादकांनी पाठवलं होतं ते इटलीच्या एका बेटावरची पांढरी वाइन आणि तिच्यासोबतचं खाणं यांवर लिहायला. पांतेलेरियाला पोचले आणि वाइन राहिली बाजूला, मी अडकले एका खड्ड्यात.

पांतेलेरिया कागदोपत्री सिसिलीचं, पण ट्युनिशियाला जास्त जवळ. ८३ चौरस किलोमीटरचं, काळ्या ज्वालामुखी दगडाचं बेट. नदी नाही, घरांच्या घुमटाकार छपरांवर पडणारं पावसाचं पाणी टाक्यांत साठवायची इथली जुनी रीत. मानाचं द्राक्ष एकच, झिबिब्बो, म्हणजे मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया. इथल्या वाइनला १९७१ साली इटलीचं ‘डीओसी’ मानांकन मिळालं. इतिहास एवढा पुरे.

इथं वारा सहसा पडत नाही. मांडवावर चढवलेली वेल त्यात टिकायची नाही. म्हणून शेतकरी जमिनीत उथळ आळं खणतो आणि वेल त्यात लावतो. खोड जमिनीलगतच राखायचं आणि छाटणी अशी करायची की सहा फांद्या चहूबाजूंनी फाकाव्यात. वारा वरच्यावर निघून जातो; दव आणि जो काही पाऊस पडेल तो आळ्यात उतरून मुळांशी मुरतो. तारा नाहीत, खांब नाहीत. मात्र आळं एकदा खणून भागत नाही. माती ढासळते, तण माजतं, वेलीची वाढ बघून आळं पुन्हा पुन्हा नीट करावं लागतं.

एक म्हातारा शेतकरी छाटणी करत होता. फांदीवर मोजके डोळे राखून बाकीचं कात्रीनं उडवायचा आणि पुढच्या वेलीकडे वाकलेलाच सरकायचा. दर वेलीमागे ताठ उभं राहायचं म्हटलं तर दिवस पुरला नसता.

वाऱ्याचा धाक सगळ्यांनाच आहे. ऑलिव्हची झाडं छाटून जमिनीसरशी रांगती ठेवलेली. संत्र्याच्या एकेका झाडाभोवती गोल दगडी भिंत. केपरची झुडपंही बांधांना चिकटून.

तेच केपर ताटात येतं. उकडलेला बटाटा, टोमॅटो, लाल कांदा, ऑलिव्ह, ओरेगानो आणि मिठात मुरवलेल्या केपरच्या कळ्या, ही इथली कोशिंबीर. सोबत गोड नसलेली झिबिब्बो. वास फुलांचा, जिभेवर मात्र साखर नाही, त्यामुळे केपरचा खारटपणा तिला छान पेलतो. माशाच्या रश्श्यातल्या कुसकुसबरोबरही ती जमते.

पण बेटाचं नाव झालं ते ‘पासितो’वर. ऑगस्टमधले घड तीन-चार आठवडे उन्हात वाळवायचे. मागाहून तोडलेल्या ताज्या द्राक्षांचा रस आंबू लागला की हे बेदाणे देठांवरून हातानं खुडून त्यात घालायचे. लिटरमागे चारेक किलो द्राक्षं खर्ची पडतात. तयार होते ती पिंगट, जर्दाळूच्या वासाची, दाट गोड वाइन. इथं ती गोड रिकोटा भरलेल्या, तळलेल्या ‘बाचो’बरोबर देतात. गोडावर गोड मला मानवलं नाही. खारट, निळ्या बुरशीच्या गोर्गोन्झोलाबरोबर मात्र ती खरी खुलली.

२०१४ साली युनेस्कोनं आळ्यातल्या या वेलींच्या लागवडीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. वारसा ठरला, पण वाकायला माणूस कुठं आहे? या अरुंद पायऱ्यांच्या शेतात ट्रॅक्टर वळत नाही, गुडघ्याखालच्या वेलीपर्यंत यंत्र पोचत नाही. खणणी, छाटणी, तोडणी, खुडणी, सगळं हातानं. एकेकाळी हजारो हेक्टरांवर पसरलेले मळे आता काहीशे हेक्टरांवर आले आहेत. तरुण बेट सोडतात. ओस पडलेल्या मळ्यांचे, चुन्याशिवाय रचलेले बांध ढासळतात. बांध गेला की माती वाहून जाते आणि माती गेली की आळं खणायला जागाच उरत नाही. वेल उंच करून यंत्र आणा म्हणावं, तर वारा वेल ठेवायचा नाही.

म्हणून बाटलीचा भाव ऐकून मी घासाघीस केली नाही. पदरी मजुरी पडली तरच पुढची पिढी या आळ्यांत उतरेल. नुसत्या कौतुकावर कोणी आपली कंबर मोडून घेत नाही.