ब्रेकचे पोचट पेडल

ब्रेकच्या पेडलावर पाय दिला की ते ठामपणे थांबावे. ते उशीसारखे दबत गेले, तर नळ्यांत हवा शिरली असावी हा पहिला संशय. पायाचा जोर चाकापर्यंत नेते ते ब्रेक ऑइल. द्रव दाबाने आक्रसत नाही म्हणण्यास हरकत नाही. हवा मात्र आक्रसते, आणि निम्मा जोर तिलाच दाबण्यात वाया जातो.

आपल्या सांडोरच्या दमट हवेत आणखी एक भानगड. नेहमीचे ब्रेक ऑइल पाणी शोषते. डॉट ३ प्रतीचे कोरे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरले की ही हमी १४० वर येते. खंडाळ्याचा घाट सारखा ब्रेक दाबून उतरावा, तर तेलाची वाफ होते आणि ऐन वळणावर पेडल खाली जाते. गाडी निवली की सारे पूर्ववत, म्हणून आपण फसतो!

पेडल भराभर दाबल्यावर घट्ट होत असेल, तर बहुधा हवाच. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर गळती शोधावी किंवा मास्टर सिलिंडरचे रबर तपासावे. तोवर गाडी रस्त्यावर काढू नये.

हवा काढण्यास दोघे लागतात. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळचे निपल सैल करावे; ते पुन्हा आवळल्यावरच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरच्या डबीतले तेल मात्र संपू देऊ नये, आणि वर्षभर उघडी पडलेली बाटली त्यात ओतू नये.