वाढदिवसाची लोकर

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत पूर्वी वाढदिवसापेक्षा नामदिनाला अधिक मान असे. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला ज्या संताचे नाव दिले, त्या संताच्या सणाला सकाळी पवित्र मिस्साला जावे, घरी गोडधोड करावे आणि शेजारच्या चार घरी ताट पोचवावे, अशी रीत होती. आता खेड्यापाड्यांतही वाढदिवस आला, त्याच्या मागोमाग केक आला, मेणबत्त्या आल्या. त्यात गैर काही नाही. परमेश्वराने दिलेल्या आयुष्याचे एक वर्ष पुरे झाले याचा आनंद मानणे हे कृतज्ञतेचेच लक्षण होय. अडचण पडते ती घरातील वडीलधाऱ्या माणसांचा वाढदिवस आला म्हणजे. त्यांना द्यावे तरी काय? साडी द्यावी तर जुन्या साड्या पेटीत घडी न मोडता पडलेल्या असतात. मिठाई द्यावी तर डॉक्टरांनी साखर बंद केलेली असते.

या प्रश्नाचे एक उत्तर आम्हाला फेब्रुवारी महिन्यात माळव्यात, देवास शहरी सापडले. ते वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले.

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्यातील वीरांनी या दोन्ही ठिकाणी आपली राज्ये स्थापन केली. देवासला तर तुकोजी व जिवाजी या दोघा भावांच्या वंशांची दोन वेगळी राज्ये एकाच गावात नांदली. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तरी मराठी बोलणारी घरे तेथे अद्याप आहेत. पुढे कारखाने निघाले तशी नोकरीच्या निमित्तानेही काही मराठी कुटुंबे तिकडे गेली. अशाच एका ख्रिस्ती कुटुंबात आमच्या नात्यातील एक मावशी राहतात. यजमानांच्या निधनानंतर गावचे घर बंद करून त्या मुलाकडे आल्या. गावी शेत होते, गोठा होता, दारात चार बायका येऊन बसत. येथे दोन खोल्यांचे घर, मुलगा व सून दोघेही कामावर, नातू शाळेत. दिवस मोठा आणि हात रिकामे, अशी त्यांची स्थिती झाली होती.

त्यांना सत्तर वर्षे पूर्ण होत होती. मुलाने विचारले, "आई, तुला काय आणू?" मावशी म्हणाल्या, "काही आणू नकोस. मला सुताच्या दुकानात घेऊन चल. आणि तेथे गेल्यावर घाई करू नकोस."

देवासच्या बाजारात, माता टेकडीच्या छायेत, ते दुकान आहे. रुंदीला दोन हात, खोलीला पुष्कळ. भिंतीला लागून लाकडी फळ्या, त्यांवर लोकरीचे गोळे, क्रोशाच्या दोऱ्याची रिळे, काचेच्या बरणीत सुया. मावशी नवीन आल्या त्या वर्षी त्यांना हे दुकान दिसले, आणि तेव्हापासून रस्त्याने जाताना त्यांची पावले तेथे रेंगाळत. दुकानदार त्यांना 'माताजी' म्हणून ओळखू लागला होता. त्या दिवशी नातवाने मोठ्या अभिमानाने सांगितले, "आज आमच्या आजीचा वाढदिवस आहे." तेव्हा त्याने स्टूल पुढे केले, चहा मागविला आणि फळ्यांवरचे गोळे एकेक करून खाली काढले. थंडी सरत आली होती. हंगाम संपताना उरलेली लोकर कमी भावात मिळते, हे जाणत्या बायका ओळखून असतात.

सूत निवडणे ही एक विद्याच आहे. मावशी गोळा हातात घेत, त्याचे टोक गालाला लावून पाहत, थोडा धागा उलट्या दिशेने सोडून त्याचे किती पदर आहेत ते मोजीत. लोकर म्हणून दुकानात जे मिळते ते सर्वच मेंढीच्या अंगावरचे नसते. बराचसा माल अॅक्रिलिकचा, म्हणजे रसायनापासून बनविलेल्या धाग्याचा असतो. शंका आली तर बोटभर धागा चिमट्यात धरून मोठ्या माणसाने सावधपणे जाळून पाहावा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळते आणि त्याची कडक गोळी बनते. अॅक्रिलिक टाकाऊ असते असे मात्र नाही. ते स्वस्त असते, वारंवार धुता येते; फक्त काय विकत घेतो ते ठाऊक असावे. दुसरी गोष्ट, गोळ्यावरील चिठ्ठीवर रंगाच्या लॉटचा क्रमांक असतो. एका कामाला लागणारे सारे गोळे एकाच लॉटचे घ्यावेत. निराळ्या लॉटचा रंग दुकानात सारखा भासतो, आणि विणून झाल्यावर उन्हात त्याचा पट्टा वेगळा दिसतो.

नंतर मावशींनी पांढरा सुती दोरा मागितला, वीस नंबरचा. क्रोशाच्या दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे नातवाला त्याच दिवशी कळले. त्या दोऱ्याला रेशमासारखी चकाकी असते. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज गृहस्थाने सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याची क्रिया करण्याची रीत शोधली आणि १८५० साली तिचे पेटंट घेतले. धागा ताणून धरून ही क्रिया केली असता तो चकाकतो, हे पुढे दुसऱ्यांनी दाखवून दिले. मर्सरच्या नावावरून असा दोरा आजही 'मर्सराइज्ड' म्हणून विकला जातो.

एवढ्यात सूनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आई, लहान मुलांच्या टोप्या बाजारात तयार मिळतात, आणि याहून स्वस्त. तुमच्या डोळ्यांना उगाच ताण कशाला?" बोलण्यात काळजी होती, उपहास नव्हता, आणि हिशेबही खोटा नव्हता. मावशींनी उत्तर दिले नाही. त्या गोळे मोजीत राहिल्या. एका तान्ह्या बाळाच्या टोपीला साधारण पंचवीस ते तीस ग्रॅम लोकर पुरते; त्यांनी बारा टोप्यांपुरती घेतली. सिस्टरांच्या दवाखान्यात पुढच्या थंडीत जी बाळे जन्माला येतील त्यांच्यासाठी ती होती. पांढरा दोरा ईस्टरच्या सणाला वेदीवर अंथरायच्या वस्त्राच्या जाळीसाठी. मग नातवाने विचारले, "आजी, वाढदिवस तुझा, आणि तू स्वतःला काहीच घेतले नाहीस?"

मावशी हसून म्हणाल्या, "घेतले की. चार महिन्यांचे काम घेतले."

सूनबाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिले आणि पिशवी आपल्या हातात घेतली. त्या क्षणी त्या घराला जे उमगले, तेच सांगण्यासाठी हा लेख आहे. म्हातारपणी माणसाला औषध लागते, जेवण लागते, आणि त्यांच्या इतकीच गरज लागते ती आपल्या हातचे काहीतरी कोणाच्या तरी उपयोगी पडावे याची. साडीने ती भागत नाही. तयार टोपी खुशाल स्वस्त असो. तीत आजीचे तास नसतात.

पवित्र शास्त्रात या कामाचा मोठा गौरव आहे. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्री लोकर व ताग शोधून आणते, राजीखुशीने हात चालविते आणि गरिबांना मुक्तहस्ते देते. प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबिथेची कथा आहे. तिलाच दुर्कस म्हणत. ती मरण पावली तेव्हा विधवा स्त्रिया पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने केलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. तिच्या थोरवीची साक्ष देण्यास त्यांना शब्दांपेक्षा कपडेच पुरेसे वाटले. आणि क्रुसाखाली शिपायांनी ज्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तो प्रभू येशूचा अंगरखा शिवणीवाचून, वरपासून अखंड विणलेला होता, असे योहान सांगतो. कोणाच्या तरी हातांनी तो विणला असलाच पाहिजे.

सुईने पोटही भरले आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ झाला, तेव्हा कॉर्क परगण्यात ऊर्सुलाईन धर्मभगिनींनी मुलींना क्रोशाची जाळी विणण्यास शिकविले. एक सुई आणि थोडा दोरा एवढ्या भांडवलावर पुष्कळ घरांची चूल पेटती राहिली. आपल्या देशातही कॉन्व्हेंटांतून ही कला मुलींपर्यंत पोचली. आजही कितीतरी देवळांतील वेदीवस्त्रांच्या कडा पाहिल्या तर साखळी, मुका खांब आणि खांब यांचीच ती गुंफण असल्याचे दिसेल.

सूत आणि वाढदिवस यांची आणखी एक गाठ धार जिल्ह्यात पडलेली आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बदनावर तालुक्यातील भैंसोला येथे पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी केली. दोन हजारांहून अधिक एकरांच्या या जागेत सूतकताईपासून तयार कपड्यापर्यंतचे टप्पे एकत्र आणावयाचे, अशी ती योजना आहे. माळवा व निमाड हा कापसाचा मुलूख, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांचे डोळे तिच्याकडे लागावेत हे स्वाभाविकच. त्याच धार जिल्ह्यात बाघ नावाचे गाव आहे. तेथील खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापडावर लाल व काळी नक्षी उमटवितात. काळा रंग लोखंडाचा गंज व गूळ यांपासून करतात, लाल रंगासाठी तुरटी वापरतात, आणि कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. २००८ साली या छपाईला भौगोलिक निर्देशांकन मिळाले. गिरण्या हव्यातच, अंगभर वस्त्र साऱ्यांना त्यांच्यामुळेच मिळते. परंतु गिरण्या आल्या म्हणून हातांचे काम संपत नाही, हे बाघच्या ठशांनी दाखवून दिले आहे.

मावशींच्या वाढदिवसाच्या सहलीचा दुसरा टप्पा होता उदयनगर. हे गाव देवास जिल्ह्यातच आहे. मुलाने त्याच आठवड्यात सर्वांना तेथे नेले, कारण २५ फेब्रुवारी हा धन्यवादित राणी मारिया यांचा सण. गाडीत बसल्या बसल्या मावशींच्या सुया चालू होत्या, आणि नातू एक सुलट, एक उलट असे टाके मोजीत होता.

सिस्टर राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातील पुल्लुवळी येथे झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या त्या धर्मभगिनी. उदयनगर भागातील भूमिहीन व आदिवासी लोकांना त्यांनी बचतीची सवय लाविली, हक्काच्या सरकारी योजना समजावून दिल्या, सावकाराच्या पाशातून सुटण्याची वाट दाखविली. ज्यांचे त्यामुळे नुकसान झाले त्यांना हे खपले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूने वार झाले आणि नचनबोर टेकडीच्या रस्त्यावर त्यांनी प्राण सोडला. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकेचाळीस वर्षांचे होते. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले.

त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हीही त्याच संघातील. २००२ साली रक्षाबंधनाच्या दिवशी ती तुरुंगात गेली आणि ज्या हाताने आपल्या बहिणीवर वार केले त्याच हाताच्या मनगटावर तिने राखी बांधली. मारेकरी पश्चात्तापाने विरघळला. पुढे त्या कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली आणि २००६ साली तो मुक्त झाला. राखी म्हणजे काय? दोन पैशांचे सूत. त्याची किंमत काढू म्हटले तर दुकानात काय निघेल, आणि तुरुंगाच्या गजांआड त्याने काय साधले! उदयनगरच्या देवळात ही हकीकत ऐकताना सूनबाईंनी सासूच्या मांडीवरचा लोकरीचा गोळा उचलून आपल्या ओटीत ठेवला आणि धागा मोकळा करून देऊ लागल्या.

वाचकहो, सूत स्वस्त असते. ते गुंफण्यास लागणारा वेळ, धीर आणि क्षमा ही महाग असतात, आणि ती ज्याच्यापाशी आहेत त्यालाच देता येतात. आपल्या घरांतून आज्या, आत्या, मावश्या आहेत. त्यांना येणारे विणकाम बहुधा कोणी विचारीत नाही म्हणून पेटीत पडून आहे. येत्या वाढदिवशी त्यांना तालुक्याच्या गावी सुताच्या दुकानात घेऊन जावे. पैसे आपण द्यावेत, निवड त्यांना करू द्यावी. सोबत एखादे नातवंड न्यावे, आणि घरी आल्यावर त्याला पहिली साखळी घालायला शिकवा असे आजीला सांगावे. मुलगा असला तरी. विणून झालेली वस्तू आपल्याच घरात ठेवण्याचा आग्रह धरू नये. धर्मग्रामात कोठे बाळ जन्मले आहे, कोणा एकट्या वृद्धाला थंडी वाजते, वेदीचे कोणते वस्त्र विरले आहे, हे फादरांना किंवा सिस्टरांना विचारले तर ते आनंदाने सांगतील.

आणि दुकानात गेल्यावर घाई मात्र करू नये.