थोरली की धाकटी?

देवासला पवारांच्या दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन गाद्या नांदल्या. गेल्या पावसाळ्याअखेर पीपलरावां येथील आमच्या घरातही अशाच दोन पात्या पडल्या. निमित्त झाले मुलाच्या सायकलीचे.

त्याला २०० कि.मी.ची 'ब्रेव्हे' पुरी करावयाची आहे. ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांत अंतर कापावयाचे, पहिल्या-शेवटच्याचा मान सारखाच. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची १२०० कि.मी.ची प्रसिद्ध फेरी याच कुळातली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली सुमारे ४८०० कि.मी.ची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' जोडीने पुरी केली, त्या वार्तेबरोबर हे वेड आमच्या घरात शिरले.

मागल्या खेपेस तो मित्राची शर्यतीची सायकल घेऊन निघाला आणि ११० कि.मी.वरून परतला. हाताची बोटे बधिर झाली होती. दोन आठवडे त्याला सदऱ्याची गुंडी धड लावता येईना. आम्ही उभयता धास्तावलो. यंदाची निवड केवळ हौसेची राहिली नव्हती.

पसंतीस उतरलेल्या दोन्ही सायकली लांब पल्ल्याच्याच होत्या. अशा सायकलीचे हँडल थोडे उंच व जवळ असते, त्यामुळे पाठ फार वाकत नाही आणि तळहातांवर भार कमी येतो. थोरलीची चौकट कार्बनची, ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे. धाकटीची चौकट अ‍ॅल्युमिनियमची, ब्रेक तारेने ओढले जाणारे. ती दीड किलोने जड, पण किंमत निम्मी. थोरलीत २८ मि.मी.हून रुंद टायर मावत नव्हता. धाकटीत ३५ मि.मी.चा मावत होता.

मुलाचे मन थोरलीवर जडले होते. आम्ही हिशेब मांडला. स्वार आणि सायकल मिळून वजन पंचाऐंशी किलो, त्यात दीड किलो म्हणजे शेकडा दोनही नव्हे. घाट चढणाऱ्यास तेवढेही जाणवेल; माळव्याच्या पठारावर कितीसे जाणवणार? उलट रुंद टायरात हवा कमी दाबाने भरता येते आणि खड्ड्याचा हिसका मनगटापर्यंत पोचण्याआधीच पुष्कळसा जिरतो. शिवाय काळ्या मातीचा चिखल चाक व चौकट यांच्यामध्ये गच्च बसतो, तेथे मोकळी जागा हवीच.

"बाबा, कागदावरचा हिशेब रस्त्यावर चालत नाही," तो म्हणाला. ते खरेच होते. इंदूरच्या दोन परिचितांकडून दोन्ही सायकली एकेक दिवस मागून आणल्या. सोनकच्छच्या रस्त्यावर त्याने दोहोंवर सारखेच अंतर कापले. थोरलीवरून उतरला तो हसत. धाकटीवरून उतरला आणि काही न बोलता सदऱ्याची गुंडी काढून पुन्हा लावून पाहू लागला. सौभाग्यवतींनी तोंड फिरवून डोळे टिपले.

धाकटी घरी आली. तिची तार तुटली तर गावातला कारागीरही बदलू शकेल, हा आणखी एक दिलासा. उरलेल्या पैशांतून शिरस्त्राण, दिवे आणि सुट्या ट्यूब घेतल्या.

ज्या घरी असा प्रश्न उभा राहील त्यांना आमचे एवढेच सांगणे : आधी अंगाचे माप जुळते का पाहा, मग टायरला जागा किती ते पाहा, मग दुरुस्ती कोण करील ते विचारा. वजनाचा काटा शेवटी. आणि निर्णय दुकानात नव्हे, आपल्या रोजच्या रस्त्यावर घ्या.