क्षीण धारेचे निदान

घरातील नळाची धार बारीक झाली की बहुतेक गृहस्थ प्रथम महानगरपालिकेला दोष देतात आणि दुसऱ्या दिवशी पंपाच्या दुकानाची पायरी चढतात. या दोन्हींपूर्वी करण्याजोगी एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे दाब नेमका कोठे हरपतो याचा तपास.

दाबाचे महत्त्व पटवून देण्यास हुबळीइतके बोधप्रद शहर क्वचितच सापडेल. नीरसागर तलावाच्या आणि मलप्रभेच्या पाण्यावर जगणाऱ्या या शहरात जागतिक बँकेच्या साहाय्याने 2008 च्या सुमारास काही निवडक प्रभागांत चोवीस तास पाणी खेळू लागले. उरलेल्या वस्तीला मात्र ते काही दिवसांआड आणि तेही काही तासच मिळत राहिले. एकाच शहरात दोन व्यवस्था अशा शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांना त्यांची तुलना करता आली, आणि खंडित पुरवठ्याच्या पाण्यात, विशेषतः पाणी सुटताच येणाऱ्या पहिल्या लोंढ्यात व दाब मंद असताना, दूषिततेची लक्षणे अधिक आढळतात असे त्यांना दिसून आले. भरलेल्या वाहिनीच्या फटीतून पाणी बाहेर झिरपते, तर रिकाम्या वाहिनीत त्याच फटीतून भोवतालची घाण आत शिरते. तेव्हा दाब हा केवळ सोयीचा मामला नव्हे.

त्याचे गणित साधे आहे. दहा मीटर उंचीच्या जलस्तंभाच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम दाब पडतो. म्हणूनच अभियंते दाब मीटरमध्ये मोजतात, आणि केंद्र सरकारच्या 1999 च्या पाणीपुरवठा-नियमावलीने एकमजली घरांच्या वस्तीत वाहिनीत 7 मीटर, दुमजलीत 12 मीटर व तिमजलीत 17 मीटर दाब शिल्लक राहावा असे सांगितले होते. आता आपल्या गच्चीवरील टाकी पाहावी. वरच्या मजल्यावरील शॉवरपेक्षा तिचा तळ जेमतेम दीड-दोन मीटर उंच असतो, आणि तेवढ्याही अल्प भांडवलातून नळीचे घर्षण, प्रत्येक कोपर व प्रत्येक व्हॉल्व्ह आपापला कर वसूल करून घेतात. तळमजल्यावर धो धो पाणी आणि वर नुसती रिपरिप, हा अनुभव याच हिशेबाचा आहे. टाकीखालचा ओटा एक-दोन मीटरने उंचावला तर वरच्या मजल्याचा दाब लक्षणीय वाढतो. मात्र भरलेल्या हजार लिटर टाकीचे वजन एक टनाहून अधिक होते, म्हणून जुन्या इमारतीत स्लॅबचा विचार जाणकाराकडून करवून घ्यावा.

उंचीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व नळीच्या पोटाला आहे. अर्ध्या इंची नळीऐवजी पाऊण इंची घातली तर पाणी दीडपट येईल असे वाटते, परंतु प्रवाह व्यासाच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक वेगाने वाढत असल्यामुळे प्रत्यक्षात ते जवळजवळ तिप्पट येते. याचेच उलट रूप जुन्या जस्तलेपित लोखंडी नळ्यांत दिसते : बाहेरून अर्धा इंच दिसणाऱ्या नळीचे पोट आत गंजाने आणि बोअरच्या कठीण पाण्यातील क्षारांनी इतके अरुंद होते की पेन्सिल घालणे कठीण व्हावे. अशी नळी साफ करण्यात पैसे घालवण्यापेक्षा ती बदलून सीपीव्हीसीची घालावी, असे माझे मत आहे.

निदानाचा क्रम असा ठेवावा. एकाच नळाची धार बारीक असेल तर दोष बहुधा त्या तोटीच्या जाळीत असतो. ती खोलून व्हिनेगरमध्ये भिजवावी. सर्वच नळ मंद असतील तर टाकीच्या तोंडाशी असलेला गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे की नाही ते पाहावे, कारण अर्धवट फिरवून विसरलेले व्हॉल्व्ह हे आपल्याकडे सर्रास आढळतात. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यानंतर धार तुटक येऊ लागली तर नळीत हवा कोंडली आहे असे समजावे. टाकीतून निघणाऱ्या उभ्या नळीला वर उघडी हवानळी जोडली की हा त्रास बहुधा संपतो. रस्त्यावरून थेट येणारा नळच मंद असेल, तर मात्र फेरूल (मुख्य वाहिनीला जोडनळी जिथे जोडतात तो सांधा), मीटर आणि घरापर्यंतची जोडनळी यांची तपासणी परवानाधारक प्लंबरकडून करवून घ्यावी.

पंपाबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. सार्वजनिक वाहिनीला थेट पंप जोडणे हा निव्वळ स्वार्थ आहे : तो शेजाऱ्याचे पाणी ओढतो, आणि वाहिनीत पोकळी निर्माण झाल्यास भोवतालच्या गटाराचे पाणीही ओढतो. पाणीपुरवठ्याच्या नियमांत त्याला सामान्यतः मनाई असते, ती योग्यच आहे. पंप हवाच असेल तर तो घरच्या टाकीनंतर बसवावा, आणि तोही नळ्यांची डागडुजी झाल्यावरच, नाहीतर त्याचा दाब कुजलेले सांधे फोडण्यातच खर्ची पडेल.

वाचकांनी तूर्त एवढेच करावे : पाण्याच्या वेळी रस्त्याच्या नळाखाली दहा लिटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते हे घड्याळ लावून पाहावे, आणि तारीख-वेळेसह तो आकडा तक्रार-अर्जात नमूद करावा. ‘पाणी कमी येते’ असा मोघम अर्ज दफ्तरात सहज बाजूला पडतो. ‘दहा लिटरला चार मिनिटे’ अशी नोंद टाळणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाते.